डाव्या कोपऱ्यातला मंगळू

धनराजचं नाव घेतलं की अजून माझं तोंड कडू होतं. पण मंगळू भोयेची गोष्ट त्याच्याशिवाय सांगता येत नाही, कारण सात वर्षं मंगळू त्याच माणसाचा हात हातात धरून कबड्डी खेळला.

ब्याण्णव साली नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्याने कबड्डीचा संघ काढला आणि पेठच्या डोंगरातून मंगळूला आणलं. सकाळी मैदान, दुपारी गोडाऊनमध्ये हमाली, कागदोपत्री हंगामी कामगार. संघात मी उजव्या कोपऱ्यात, तो डाव्या. गडी असा दणकट, की वजनाच्या अटीत बसायला प्रत्येक स्पर्धेआधी अर्धपोटी राहून, घोंगडी गुंडाळून पळायचा. त्याच्या शेजारी धनराज, आमचा चढाईपटू. चढाई करून परतला की तो मंगळूचा हात धरून बचावाला उभा राहायचा.

कोपऱ्यातला माणूस समोरच्याच्या घोट्याला हात घालतो. त्याआधी तो जोडीदाराचा हात दाबतो. हात दाबला की जोडीदाराने झेपावायचंच, नाहीतर खाली पडलेल्याला समोरचा फरफटत नेतो. हा दाब ना प्रेक्षकांना दिसतो, ना पंचांना.

मंगळू घोटा धरून मातीत तोंड खुपसायचा. धनराज वरून उडी मारायचा आणि उठून मूठ नाचवायचा. उत्कृष्ट पकडीचं बक्षीस धनराजला, पेपरात फोटोही त्याचाच. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते हेच. शेवटी मनमाडच्या स्पर्धेत मंगळूने तोंड उघडलं. "माझी पकड तुझी म्हून सांगतो, लाज नाय वाटत?"

"तू खाली असतोस रे," धनराज म्हणाला. "खालचं कोण बघतंय?"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. हात धरणं मात्र चालू.

मंगळूला एकच हवं होतं, कारखान्यात कायम होणं. त्याची बायको नवसाबाई दर हिवाळ्यात पोराला घेऊन दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला जायची, बांधावर पाल ठोकून राहायची. कायम झालो की तिला सिडकोत खोलीवर आणणार, हे तो मला इतक्यांदा सांगायचा की मलाच ती खोली दिसायला लागली होती.

नव्व्याण्णव साली कारखान्याच्या साहेबांनी जाहीर केलं, संघातून एकालाच कायम करणार. मंगळू किंवा धनराज, अंतिम सामना बघून ठरवू. दोन कोंबडे झुंजवायचे आणि आपण खुर्चीत बसून चहा प्यायचा, अशी ही साहेबलोकांची जात.

त्या सामन्यात मंगळूने पकडींचा सपाटा लावला. साहेबही खुर्चीतून पुढे वाकून बघत होते. समोरच्या संघाची शेवटची चढाई आली तेव्हा आम्ही इतके पुढे होतो, की ती हातची गेली असती तरी सामना आमचाच होता. समोरचा आडदांड गडी डाव्या कोपऱ्यात शिरला. मंगळूने घोटा धरला. धनराज उभाच! मी पलीकडून धावलो, पण पोचेपर्यंत गड्याने हिसका दिला होता आणि मंगळूचा गुडघा उलटा फिरला होता. तरी त्याने घोटा सोडला नाही. पकड झाली, गुडघा गेला.

"त्याने हात दाबलाच नाही," धनराजने सगळ्यांसमोर सांगितलं. चोराच्या उलट्या बोंबा! मंगळू जेवायला विसरला असता, हात दाबायला नाही. पण हे दाखवणार कसं आणि कुणाला?

"लंगड्याला कायम करून मी काय करू?" साहेब म्हणाले. गरज सरो, वैद्य मरो. धनराज कायम झाला. मंगळूला हंगाम संपला म्हणून गावी पाठवलं. त्या हिवाळ्यात नवसाबाई पुन्हा द्राक्षबागेत गेली आणि तिच्यामागून लंगडत तोही.

पुढे तो गावातल्या पोरांना कबड्डी शिकवू लागला. दोन हजार सात साली पेठला स्पर्धा होती. मी मुद्दाम गेलो होतो. पाहुणा कोण, तर धनराज! आता सुपरवायझर, पोट सुटलेलं, एका हातात माईक. उद्घाटनाला त्याने संघांच्या प्रशिक्षकांशी हात मिळवायचा होता. मंगळूसमोर येऊन त्याने दात काढले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं विचारलं, "काय मंगळू, जुनं विसरलास ना?"

मंगळूने तो हात घेतला आणि दाबला.

"आई गं! सोड! सोड ना!" धनराजची बोंब माईकमधून पार बाजारापर्यंत गेली. पोरं खो खो हसली.

"कळलं ना?" मनमाडनंतर मंगळू पहिल्यांदा त्याच्याशी बोलला. "तवाबी एवढाच दाबला व्हता."