गुळगुळीत बी

व्हर्ला कुचेराचं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात कढया घासण्यात गेलं. तरी नेब्रास्कातल्या त्या वाळूच्या टेकड्यांत दुधीची, म्हणजे भोपळ्याची नव्हे तर चीक येणाऱ्या रानतणाची, कुठली जात कुठली, हे विद्यापीठातले शहाणेसुद्धा तिलाच विचारत. तिच्या कुरणाच्या टोकाला वाऱ्यानं टेकडी कोरून एक खळगी उघडी पाडली होती. तिथल्या मोकळ्या वाळूत दरवर्षी नव्यानं उगवणारी, जमिनीला चिकटून पसरणारी एक दुर्मीळ दुधी तिनं एकतीस वर्षं सांभाळली. जिल्ह्यात दुसरीकडे ती कुणालाच सापडली नव्हती. सांभाळली म्हणजे काय, वाळू उघडी राहू दिली. तिला तेवढंच लागतं.

मग व्हर्लाचा खुबा मोडला आणि दोन उन्हाळे ती लेकीकडे अडकून पडली. ऑगस्टमध्ये परतली, तेव्हा शेजारचा एल्डन तिला गाडीतून थेट खळगीपाशीच घेऊन गेला.

"बघ गं! तुला न सांगताच बुजवली."

खळगीभर जुने टायर, वर गवताचे गठ्ठे पसरलेले, त्यातून हिरवंगार गवत वर आलेलं. त्या मुलखात वाऱ्याबरोबर कुरण खात जाणारी उघडी वाळू म्हणजे मालकाची नाचक्की. अडल्या शेजाऱ्याची खळगी बुजवणं हा धर्मच. राग तरी कुणावर काढायचा? चांगुलपणावर उतारा नसतो.

व्हर्ला काठी टाकून गुडघ्यांवर बसली.

"अगं, पडशील! काय हरवलंय?"

"गप बस जरा."

एका टायरच्या कडेला इवलीशी दुधी पसरली होती. देठ मोडला, पांढरा चीक आला. पण चीक काय, सगळ्याच दुधींना येतो. तिनं फळ तळहातावर चुरडलं आणि भिंग डोळ्याला लावलं. बी गुळगुळीत असेल तर ही तिचीच दुर्मीळ दुधी.

बियांवर आडव्या वळ्या होत्या. रस्त्याकडेला कुठंही उगवणारी साधी दुधी ती, गवताच्या गठ्ठ्यांबरोबर आलेली.

दुपारपर्यंत ती रांगत राहिली. प्रत्येक बीवर वळ्याच.

"वाळू धरली ना पण?" एल्डननं कौतुकाच्या आशेनं विचारलं.

"धरली. चांगलं काम केलंस."

त्यानं तिला उठवलं. तिनं भिंग त्याच्या हातात ठेवलं.

"पेपर वाचायला घे तुला. मला आता काही बघायचं नाही."