एकट्यानं बांधून घ्यायचे नियम

आमच्या अंधश्रद्धाविरोधी ग्रुपनं किती गावांत प्रयोग केले हे कुणी विचारत नाही. कोण कुठं अडकलं, तेवढंच विचारतात. माणूस सुटला की गोष्ट संपते, अडकला की सुरू होते! असे किस्से साठत गेले. त्यातले बहुतेक ग्रुपमधल्या प्रफुल्लचे आहेत, आणि हेच मला खुपतं.

काम खरं तर गंभीर आहे. दोरानं जखडलेला बाबा अंगात आल्याचं सांगून मोकळा होतो आणि शिकलेली माणसंसुद्धा पाया पडतात. आम्ही तीच करामत खुर्चीवर बसून करतो आणि मग गाठ उलगडून दाखवतो. त्यासाठी घरी एकट्यानं स्वतःला बांधून सराव करावा लागतो. त्याचे नियम मी ठरवले. गळ्याला दोर लागता कामा नये. दाराला आतून कडी नको. कात्री बांधलेल्या हाताला सापडेल अशी हवी. सुटायचे रस्ते दोन हवेत. बसण्याआधी आणि सुटल्यावर वैशालीला मिस्ड कॉल द्यायचा. दुसरा आला नाही तर ती कुणाला तरी धाडणार. वैशाली आमचा ग्रुप चालवते.

नियम माझे, टाळ्या प्रफुल्लच्या. खुर्चीवर नेहमी तोच, आणि मी माइक धरून बाजूला.

*

आसेगावला गाठ मारायला आम्ही प्रेक्षकांतून एका आजोबांना बोलावलं. त्यांनी बैल बांधायची गाठ मारली. प्रफुल्लनं खूप वळवळ केली, घामाघूम झाला, दोर आणखीच आवळला. शेवटी हळूच म्हणाला, "आजोबा, सोडा न."

आजोबा म्हणाले, "चाळीस वर्सं बैल बांधले. एकानंबी असं म्हटलं नाई."

गाव लोटपोट हसलं. माझं गाठीच्या विज्ञानावरचं भाषण कुणी ऐकलं नाही. प्रफुल्लबरोबर मात्र फोटो काढायला रांग!

*

एकदा त्यानं कुलपाचा सराव करायचं ठरवलं. हाताला साखळी, साखळीला कुलूप, आणि किल्ली वाटीतल्या बर्फात गोठवलेली. बर्फ वितळला की किल्ली पडणार. मी बजावलं होतं, "एका किल्लीवर भरवसा ठेवू नको, दुसरी जवळ ठेव." ठेवली असेल तर शपथ.

बसण्याआधी वाटी फ्रीजमधून काढून ठेवायची, तेही तो विसरला. त्याच दिवशी त्याला बघायला मुलीकडचे आले. हा मागच्या खोलीत कुलपात. त्याच्या आईनं समोर दिसला तो बर्फ सरबतात घातला.

मुलीच्या मामांच्या ग्लासात किल्ली निघाली. त्यांनी विचारलं, "हे कायची हो?"

आई शांतपणे म्हणाली, "पोराची."

सोयरीक जमली. माझ्या घरी अजून एकही स्थळ आलेलं नाही.

*

मी बसलो तेव्हा सगळं नियमाप्रमाणे. शेजारच्या काकूंना सांगितलं की थोड्या वेळानं डोकावा. काकूंनी गल्ली गोळा केली. बायका चहा घेऊन माझ्यासमोर बसल्या. मी अवघडलो, तशा काकू म्हणाल्या, "घाई नाई रे बाप्पा, आमी बसलो हाओ."

मी झटक्यात सुटलो. एकीनंही वर पाहिलं नाही. गप्पा कांद्याच्या भावावर पोचल्या होत्या. माझ्या जागी प्रफुल्ल असता तर आरती ओवाळली असती.

*

मग मानोरा गावचा प्रयोग ठरला. आजूबाजूच्या बंजारा तांड्यांवरून लोक येणार होते, आमची आजवरची सर्वांत मोठी सभा. मी वैशालीपाशी हट्ट धरला की या वेळी खुर्चीवर मी. ती म्हणाली, "आदल्या दिवशी घरी एकट्यानं सुटून दाखव. सुटला तर तू, नाई तर प्रफुल्ल."

दुपारी मी मिस्ड कॉल दिला आणि बसलो. नव्या नायलॉनच्या दोराची गाठ मी पुरती आवळली. ती रुतली. हाताजवळची कात्री धडपडीत निसटली आणि पलंगाखाली गेली. दोन्ही रस्ते बंद. बोटांना आधी मुंग्या आल्या, मग ती कळेनाशी झाली. हाक मारली तर काकूंच्या घराला कुलूप. तेव्हा मानोरा वगैरे काही आठवलं नाही. हात राहतो की जातो, एवढंच डोक्यात होतं.

बाहेर मोटारसायकल थांबली. दार ढकलून प्रफुल्ल आत आला, एका पायात चप्पल. वैशाली दूर अनसिंगला होती, म्हणून तिनं जवळच्याला फोन केला होता. त्यानं पलंगाखाली हात घातला, कात्री काढली, दोर कापला आणि माझी बोटं चोळत बसला.

त्याचा फोन वाजला. त्यानं स्पीकर लावून तो जमिनीवर ठेवला. बोटं चोळणं थांबलं नाही.

"सुटला का रे तो?" वैशालीनं विचारलं.

"मी आलो तवा मोकळाच बसला होता," प्रफुल्ल म्हणाला. "कॉल द्यायचा इसरला, बस."

"मंग उद्या मानोऱ्याले तोच बसन."

"तोच बसन," असं म्हणून त्यानं फोन बंद केला आणि दोराचे तुकडे गोळा करून आपल्या शर्टात कोंबले.