दहा लाख रे आणि एक खडू

पावडर कोटिंगच्या शेडमध्ये अंगावर पावडर साचते तसे किस्से बी साचतात. कानात, डब्यात, चपलेत. घरी जाऊन पदर झाडला की एखादा पडतोच. पण ओंकार इंजिनियर लॅपटॉप घेऊन आमच्या शेडमध्ये आला, त्या पंधरा दिवसांत जेवढे साचले तेवढे आधीच्या बारा वर्षांत नाय साचले.

आधी काम सांगते. रिक्षाच्या सीटखालचं लोखंडी ब्रॅकेट हुकाला टांगायचं. नितीन पावडर फवारायच्या गननं त्याच्यावर पावडर मारतो, मग ते भट्टीत जाऊन पक्कं होतं. भट्टीच्या आधी जिथं पावडर बसली नाय तिथं मी आन् शबाना आपा छोट्या गननं मारतो. ह्याला टचअप म्हणतात.

एक दिवस साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. "गनला पार्टाचं किती अंग दिसतं ते आता कम्प्युटर सांगणार. त्याप्रमाणं गन धरली की टचअप लागणार नाही."

"मग आम्ही?" आपानं विचारलं.

साहेब पंख्याकडं बघत म्हणाले, "बघू."

"बघू म्हणजे घरी," मी म्हणलं.

*

मी चौथी शिकलेली. क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी, एवढं गुरुजींनी हातावर छडी मारून शिकवलं. ते दिसो का न दिसो, तेवढंच असतं. इथं हा ओंकार दिसतं तेवढंच मोजत होता. पडद्यावर ब्रॅकेट आन् त्याच्याकडं जाणाऱ्या रेघाच रेघा.

"ह्या कसल्या रेघोट्या?"

"रे," ओंकार म्हणाला.

"कुणाला रे म्हणतो? मी बाई हाय. मावशी म्हण."

"तसं नाही मावशी. ह्या रेघेचंच नाव रे आहे. दहा लाख रे सोडलेत मी."

आपा माझ्या कानात म्हणाली, "इत्ते लोगां कू रे बोल्या, किसीने मारा नै?"

*

मग त्यानं समजावलं. गनच्या तोंडातून सरळ दोरी सुटते असं समजा. पार्टाला लागली, तर तेवढी जागा गनला दिसली.

"आन् नाय लागली तर?"

"गेली."

"कुठं गेली?"

"कुठंच नाही. अनंतात."

आपानं सवयीनं डोक्यावर पदर घेतला. "कितने गए?"

"सहा लाख."

त्या दिवशी डबा उघडायच्या आधी आपानं त्या सहा लाखांसाठी दुवा मागितली.

*

एकदा तो सकाळपासून कपाळाला हात लावून बसला. पार्टाचं सगळं अंग धरलं शंभर, आन् कम्प्युटर म्हणे दिसतं एकशे बारा. असतं त्याच्यापेक्षा दिसतं जास्त.

"त्यात काय," मी म्हणलं. "माझ्या पुतणीला पिशोरचं स्थळ आलं होतं, त्याचं बी असंच होतं."

नंतर कळलं, दोन बाजूंनी गन लावून बघितली आन् एकच जागा दोनदा मोजली. पिशोरवाल्याचं बी तेच निघालं. शेत एकच, दोन भावांनी आपापलं म्हणून दोनदा दाखवलेलं.

*

पडद्यावरचं ते ब्रॅकेट मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं.

"हे टांगलंय कशाला?"

"कशालाच नाही. हवेत आहे."

"मग पडत कसं नाय?"

ओंकार हसला. लई हसला. नितीनला बोलावून सांगितलं, तो बी हसला. मग ओंकारचं हसणं मधीच थांबलं. खुर्ची ओढून बसला तो दुपारभर उठलाच नाय. गड्यानं कम्प्युटरात हुकच घातला नव्हता. हुकामागं पावडर पोचत नाय, हे आपाच्या अंगठ्याला बारा वर्षं ठाऊक.

*

मधीच दसरा आला. भट्टीची पूजा झाली, नितीननं शिरा वाटायला घेतला. साहेबांनी हात मागं ओढला.

"प्रसाद आहे. उजव्या हातानं दे."

नितीननं उजव्या हातानं दिला. अर्धा शिरा साहेबांच्या बुटावर.

"म्हणून देत नव्हतो," नितीन म्हणाला. बिडकीनचा माणूस, खरं तेच बोलतो.

*

दसऱ्यानंतर ओंकार म्हणाला, झालं. जिथं एक बी रे पोचत नाय तिथं पडद्यावर लाल ठिपका. साहेब आले, सगळे जमले.

मी म्हणलं, "पडदा झाका. मला एक रिजेक्ट पीस द्या आन् खडू द्या. पावडर कुठं बसत नाय ते मी आधी दाखवते."

साहेबांना गंमत वाटली. "बरं. खडू खरा निघाला तर दोघी राहा. कम्प्युटर खरा निघाला तर पुढच्या महिन्यापासून येऊ नका."

आपानं माझा दंड धरला. मी खुणा केल्या. आठ.

पडदा उघडला. लाल ठिपके सात. सातीच्या साती माझ्या खुणांवर. आठवी खूण आतल्या कोपऱ्यावर होती, तिथं कम्प्युटरात हिरवं.

"मावशी, त्या कोपऱ्याला चौदा हजार रे लागलेत."

"लागू दे."

नवं ब्रॅकेट टांगलं. नितीननं रोजच्यासारखी पावडर मारली, टचअप बंद. भट्टीत गेलं. आपाचे ओठ हलत होते, मी भट्टीच्या दाराकडं बघत होते.

ब्रॅकेट बाहेर आलं. साहेबांनी चष्मा लावला, वाकले. आठव्या खुणेच्या जागी लोखंड उघडं.

ओंकार गोंधळला. "असं कसं? गन कुठून येते त्याचं माप मी स्वतः गन हातात धरून घेतलंय. मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

मी चहाचा कप भरला. "नितीन, धर."

नितीननं डावा हात पुढं केला. साहेबांनी आधी त्या हाताकडं बघितलं, मग स्वतःच्या बुटाकडं.