सुभेदारांचा पांढरा ओटा

"मॅडम, ये क्या लगाया आपने? महिना नाही झाला आणि ओट्यावर दाग! एक तर दगड डिफेक्टिव्ह, नाहीतर हिचा हात."

मुरारहून सुभेदारांचा फोन. मी पडाव भागातल्या माझ्या शोरूममध्ये नुकताच चहा तोंडाला लावला होता. 'ही' म्हणजे त्यांची बायको, सुमनकाकू.

मी किचन डिझाइनर. ग्वाल्हेरात एकोणीस वर्षं लोकांचे ओटे बसवतेय. सुभेदार फौजेतून रिटायर झालेले. पांढरा मार्बल त्यांनी मोबाइलवर पाहून ठरवला. मी म्हटलं होतं, "रोजच्या स्वयंपाकाला ग्रॅनाइट घ्या." ते म्हणाले, "किचन चमकना चाहिए." ऑर्डर मोठी होती, मीही तोंड मिटलं. काकूंना तर आम्ही दोघांनी विचारलंच नाही. लाज वाटते, पण झालं ते असं.

त्यांच्या घरी पोचले तर काकू जमिनीवर बसून भाकरी थापत होत्या. मधेच एक हात गुडघ्यावर.

"अहो काकू, खाली का?"

"यांची ऑर्डर निघालीये. ओट्यावर काहीच करायचं नाही. रोज सकाळी इन्स्पेक्शन. नवा दाग दिसला की यांच्यासमोर माझी पेशी."

असा संताप आला मला! जी बाई रांधते, तिलाच ओटाबंदी.

वाकून ओटा पाहिला. हळदीचा डाग एकही नव्हता. होते ते फिकट, निस्तेज गोल. बोट फिरवलं तर किंचित खरखरीत. डाग म्हणजे दगडात रंग मुरणं. हे वेगळं होतं, आमच्याकडे त्याला एचिंग म्हणतात. मार्बलला आंबट सोसत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर, काहीही सांडलं की ते वरचं पॉलिश खातं. मग कितीही पुसा. आणि हे सगळे गोल गॅसपासून लांब, खिडकीपाशी होते.

"सुभेदारसाहेब, इथे कोण उभं राहतं?"

"मी. सकाळी पेपर वाचतो."

"वाचताना काय पिता?"

"शिकंजी. लिंबू, काळं मीठ. सेहत के लिए."

मी त्यांचा ग्लास उचलून एका गोलावर ठेवला. बरोब्बर बसला. दुसऱ्यावर ठेवला, तिथेही. सुभेदारांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"पण मी तर पुसतो," ते पुटपुटले.

काकू ओट्याला धरून उठल्या. पिठाचे हात तसेच मार्बलवर टेकवले.

"अकरा गोल आहेत. अकरा वेळा मी बोलणी खाल्ली, अहो. एकदा तरी स्वतःच्या हाताकडे बघायचं!" मग माझ्याकडे वळल्या. "काळा ग्रॅनाइट बसव. हा दगड कापून यांना पेपर वाचायला टेबल करून दे. पुसतील आपलं आपण."

सुभेदारांनी पहिल्यांदाच ऑर्डर दिली नाही, घेतली.

आठवड्यात ग्रॅनाइट बसला. तेव्हापासून डिझाइनवर सही मी रांधणाऱ्याचीच घेते. बाकीच्यांना कपाटाच्या हँडलचा रंग निवडू देते. तेवढ्याने कुणाचे गुडघे दुखत नाहीत.