दूध

मोगऱ्याचा वास आला की मला कामोठ्यातली ती दुपार आठवते. माझी मुलगी जन्मल्यावर चारच तास जगली होती, आणि तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुधाचं संप्रेरक मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. बाळ जन्मलं एवढंच तिला कळतं, गेलेलं कळत नाही." दूध आटावं म्हणून आपट्याहून आलेल्या सासूबाई माझ्या छातीवर मोगऱ्याची फुलं बांधत होत्या. तेवढ्यात शेजारचं तान्हं रडलं आणि त्या आवाजानंच माझा गाऊन भिजला. सासूबाईंनी उठून खिडकी लावली. "मलापन दोनदा बांधाय लागली व्हती, बाय," त्या हळूच म्हणाल्या. नवरा एकुलता एक, एवढंच मला माहीत होतं. आता सासूबाईही नाहीत, आणि त्या दोन भावंडांबद्दल नवऱ्याला सांगायचं मला अजून जमलेलं नाही.