अर्धा किलोची संकष्टी

गो-कार्टची शर्यत रेषेवर संपत नाही, वजनकाट्यावर संपते. गाडी आणि चालक मिळून ठरलेलं वजन भरलंच पाहिजे. मी पहिल्यापासून काडीपैलवान, म्हणून बाबा पावणे एमआयडीसीतल्या आपल्या वर्कशॉपमध्ये शिशाच्या पट्ट्या कापून माझ्या सीटला बोल्टने आवळायचे. आदल्या दिवशी मला काट्यावर उभी करून किती पट्ट्या लागतील ते ठरवायचे.

त्या वर्षी फायनलच्या रविवारी नेमकी संकष्टी आली. आई म्हणाली, "तू खाऊन जा, तुझा उपास मी धरते." पण मला अजिंक्यपदही हवं होतं आणि पुण्यही. मी पाण्याचा थेंबसुद्धा घेतला नाही, आणि हे कुणाला सांगितलंही नाही. हेल्मेटच्या आत घामाने निथळत मी पहिली आले. जिंकल्याचं कळवायला बाबांनी तिथूनच सोसायटीत फोन लावला. मग काटा. अर्धा किलो कमी. निकाल रद्द. परतताना गाडीत मी आई-बाबांना उपासाचं सांगून टाकलं.

कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीच्या गेटवर ढोल-ताशा सुरू होता. माझ्या फोटोचा बॅनर, खाली 'चॅम्पियन'. सेक्रेटरी काकांनी शाल घातली, नारळ दिला. बाबा गाडीची किल्ली हातात फिरवत राहिले. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

आईने माईक घेतला. "पोरीचं वजन कमी भरलं, निकाल रद्द झाला. तिची चूक नाय. उपास मी धरायला लावला तिला."

ढोल थांबले. "एवढ्या शिकलेल्या तुम्ही, वहिनी," कुणीतरी म्हणालं. आई मान खाली घालून ऐकत राहिली. मी शालीचे गोंडे चाचपत उभी राहिले.

पुढे ते पद मी दोनदा जिंकले. गेल्या वर्षीची फायनल पुन्हा संकष्टीलाच आली. ट्रॅकवर आईने डब्यातून भाजी-पोळीची गुंडाळी काढली. मी घुटमळले. तिने आयुष्यात एकही संकष्टी मोडली नव्हती. तिने पहिला घास स्वतः घेतला आणि उरलेली माझ्या हातात दिली.

"खा आता. मोडला तर दोघींचा मोडला."

काट्यावर वजन बरोबर भरलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला आईकडे मान वर करून बघवत नव्हतं.