अळंबी माझी, बदनामी सुकटीची

रत्नागिरीजवळच्या पाली गावच्या दवाखान्यात एका दुपारी अकरा धडधाकट माणसं माझ्यामुळे ओकली.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. आषाढातल्या त्याच आठवड्यात वाचनालयात 'विषारी अळंबी कशी ओळखावी' यावर मी व्याख्यान दिलं होतं. (अध्यक्ष : गावचे डॉक्टर.) त्या भरात फणसाखालची टोपलीभर अळंबी घरी आणली.

"अहो, ही वारुळावरची नाहीत. आमच्याकडे यांना कुणी शिवत नाही," बायको म्हणाली.

"पुस्तकातल्या चित्राशी जुळतायत!" (चित्र काळं-पांढरं होतं. अळंबी पांढरी होती. जुळली!)

ती रत्नागिरीची एसटी पकडून बाजाराला गेली. अळंबी मीच रांधली आणि मुक्कामाला आलेल्या सासऱ्यांना आग्रह करकरून वाढली. तिसऱ्या प्रहरी आम्ही दोघं परसात वाकलो होतो. शेजाऱ्यांनी टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं.

"काय खाल्लंत, मास्तर?" डॉक्टरांनी विचारलं.

मला माझं व्याख्यान आठवलं, टाळ्यांसकट. तोंडातून निघालं, "सुकट."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जावयाच्या अब्रूखातर डोळे मिटले.

"मग काळजी नको," डॉक्टर म्हणाले. "अळंबी असती तर रत्नागिरीलाच धाडलं असतं. उलट्या थांबतात, माणूस बरा वाटतो, आणि दोन दिवसांनी यकृत दगा देतं."

त्या सकाळी अर्ध्या गावाने दारोदार सुकी मासळी विकणाऱ्या भागीरथीकडून सुकट घेतली होती. मास्तरांना सुकट बाधल्याची बातमी पसरली आणि एकेक जण पोट धरून येऊ लागला.

"मला कसंतरीच होतंय!"

"मी तर दोनदा वाढून घेतली हो!"

पिऊन ओकायला डॉक्टरांनी मीठपाण्याची बादलीच मधे ठेवली. तेवढ्यात टोपलीसकट भागीरथी हजर!

"मास्तर, माज्या सुकटीत इख? उद्या माजी टोपली कोन उतरवील दारात?"

ती पायरीवर बसली आणि कच्ची सुकट मूठ मूठ चावू लागली. "बगा! मेली काय मी?"

सगळे श्वास रोखून तिच्या मरणाची वाट पाहू लागले. इकडे डॉक्टर आम्हाला घरी जा म्हणत होते.

"जावईबापू," सासरे हळूच म्हणाले, "मी घरी जाऊन मरू, की तुम्ही सांगताय?"

"अळंबी होती," मी भिंतीकडे बघून म्हणालो.

"म्हणजे आम्ही फुकटच ओकलो?" बादलीपाशी कुणीतरी विचारलं.

रत्नागिरीत तीन दिवस सलाईन लावून आम्ही वाचलो. परत आल्यावर भागीरथीची माफी मागायला बाजारात गेलो. ती ओरडत होती, "मास्तरांची सुकट घ्या! अकरा ओकले, येक मेला नाय!"

सत्तावीस वर्षं गावाला विज्ञान शिकवलं. माझ्या नावावर खपली ती सुकटच.